डॉक्टरोत्तर संशोधनपद आणि त्यासाठी लिहावयाचे पत्र

‘पदव्युत्तर’ हा शब्द मराठीने एम. ए., एम. एस्सी. यांच्या अभ्यासक्रमासाठी केव्हाच खर्ची घातला. त्यामुळे पीएच. डी. झाल्यावर एखाद्या विद्यापीठात दोन-तीन वर्षांच्या मुदतीने जे संशोधन करावयाचे असते, त्याला नाव देण्याची वेळ आली तेव्हा ‘डॉक्टरोत्तर’ असा काहीसा अवघड शब्द घडवावा लागला. बोलण्यात तो सहसा कोणी वापरीत नाही. प्रयोगशाळांतील मुले ‘पोस्टडॉक’ म्हणतात आणि तेवढ्याने त्यांचे काम भागते. शब्द रुळला नाही, याचे कारण ती वस्तूच आपल्या घरांत अद्याप रुळलेली नाही हे असावे. पीएच. डी. म्हणजे शिक्षणाची समाप्ती व तिच्यानंतर नोकरी, असा आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा हिशेब आहे. विज्ञानशाखांत हा हिशेब आता चुकतो. आयआयटी व आयसर या संस्थांत साहाय्यक प्राध्यापकाच्या वरच्या श्रेणीसाठी पीएच. डी.नंतरचा तीन वर्षांचा अनुभव मागतात. हा अनुभव कोठे व कसा मिळवावयाचा, याविषयी मात्र आपल्या विद्यापीठांत मुलांना फारसे कोणी सांगत नाही.

भाषाविज्ञानाच्या अध्यापकाने या विषयात का पडावे, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. त्याचे उत्तर असे की, मी आपणहून पडलो नाही. विज्ञानशाखांतील संशोधक विद्यार्थी गेली काही वर्षे आपली इंग्रजी पत्रे तपासून घेण्यासाठी माझ्याकडे येतात. परदेशातील प्राध्यापकांस पाठवावयाची ही पत्रे असतात. आरंभी मी त्यांतील क्रियापदे व उपपदे सुधारून देत असे. मुले आभार मानून जात, पत्रे पाठवीत आणि उत्तरे येत नसत. रसायनशास्त्रातील एका विद्यार्थिनीने एका वर्षात शंभराहून अधिक ठिकाणी लिहिले होते. तिचे पत्र मी स्वतः निर्दोष करून दिलेले होते. दोष इंग्रजीचा नाही, हे तेव्हा प्रथम माझ्या ध्यानात आले. आणि ते ध्यानात येईपर्यंत त्या मुलीचे एक वर्ष गेले होते. प्रस्तुत लेखाचा उगम त्यात आहे.

प्रथम या पदांच्या नावांविषयी थोडे लिहितो, कारण शोध घेणारा तेथेच पहिल्यांदा फसतो. एकाच प्रकारच्या कामाला निरनिराळ्या संस्थांनी निरनिराळी नावे दिली आहेत. आपल्याकडील शासकीय प्रकल्पांत त्यास ‘रिसर्च असोशिएट’ म्हणतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तेच काम करणारा ‘व्हिजिटिंग फेलो’ असतो, आणि हे नाव ऐकून तो पाहुणा आहे अशी घरच्यांची समजूत होते. जर्मन विद्यापीठांच्या जाहिरातींत बहुधा ‘विसेनशाफ्टलिशर मिटारबाइटर’, म्हणजे शब्दशः ‘वैज्ञानिक सहकारी’, एवढेच लिहिलेले असते. ही जागा डॉक्टरेट करणाऱ्यासाठी आहे की केलेल्यासाठी, हे आतील मजकूर वाचूनच उमगते. उलटपक्षी आपल्याकडील ‘प्रोजेक्ट असोशिएट’ या भारदस्त नावाच्या जागेस पीएच. डी. लागतच नाही. यास्तव केवळ ‘पोस्टडॉक’ हा शब्द टाकून शोधणाऱ्यास अर्ध्या जाहिराती दिसत नाहीत व दिसतात त्यांतील काही त्याच्या कामाच्या नसतात. शोध पदाच्या नावाने न घेता विषयाच्या नावाने घ्यावा. खगोलशास्त्रासाठी अमेरिकन ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीची नोंदवही, कणभौतिकीसाठी ‘इन्स्पायर’, गणितासाठी ‘मॅथजॉब्ज’, सर्व विषयांसाठी युरोपात ‘युरॅक्सेस’ व ब्रिटनमध्ये ‘जॉब्ज डॉट एसी डॉट यूके’, ही त्यांतील प्रमुख ठिकाणे होत. खगोलशास्त्रात एक चांगली रूढी आहे. निवड झालेल्या उमेदवारावर १५ फेब्रुवारीपूर्वी होकार देण्याची सक्ती करू नये, असा तेथील संकेत आहे. त्यामुळे सर्व ठिकाणचे निकाल हाती येईपर्यंत त्याला विचार करता येतो. रसायन व जीवशास्त्र यांत असे सामाईक पंचांग नाही. तेथे जागा वर्षभर निघतात आणि पुष्कळ वेळा जाहिरात न होताच भरल्या जातात.

आता पैसा कोठून येतो ते पाहू, कारण जागेचे स्वरूप त्यावर ठरते. काही जागा प्राध्यापकाच्या स्वतःच्या प्रकल्प-अनुदानातून निघतात. तेथे विषय ठरलेला असतो, काम ठरलेले असते, आणि निवड तो एकटा किंवा दोघांतिघांच्या संमतीने करतो. भारतात अशा जागेचे वेतन विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने १ जानेवारी २०२३ पासून लागू केलेल्या दरांनुसार, अनुभव पाहून, दरमहा ५८,०००, ६१,००० अथवा ६७,००० रुपये अधिक घरभाडे असे आहे. दुसऱ्या प्रकारच्या जागा म्हणजे उमेदवाराने स्वतःच्या नावाने मिळवावयाच्या अधिछात्रवृत्त्या. आपल्याकडे ‘नॅशनल पोस्ट-डॉक्टोरल फेलोशिप’ ही त्यांतील प्रमुख. ती पूर्वी ‘सर्ब’ हे मंडळ देत असे. २०२३च्या कायद्याने ते मंडळ अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनमध्ये विलीन झाले. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली डॉ. राधाकृष्णन यांच्या नावाने ९०० अधिछात्रवृत्त्या जाहीर केल्या व त्यांत ३० टक्के स्त्रियांसाठी राखल्या. दौलतसिंग कोठारी यांच्या नावाची जुनी अधिछात्रवृत्ती मुले अजूनही विचारतात. त्यांनी हे ध्यानात घ्यावे की, २०२२ साली आयोगाने कोठारींचे नाव नव्याने नेमलेल्या अध्यापकांच्या संशोधन-अनुदानाला दिले आहे.

परदेशांत जर्मनीची हुम्बोल्ट, जपानची जेएसपीएस, युरोपीय संघाची मारी स्क्लोडोव्हस्का-क्युरी या अधिछात्रवृत्त्या सर्वश्रुत आहेत. प्रत्येकीचे वयोमान निराळे असते, आणि ते जन्मतारखेपासून न मोजता पदवीच्या तारखेपासून मोजतात. हुम्बोल्टसाठी पीएच. डी.नंतर चार वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो, जेएसपीएससाठी सहा वर्षांच्या आत, आणि जीवशास्त्रातील ‘एम्बो’साठी अवघ्या दोन. (या एम्बोचा लाभ आपल्याकडील मुले फार थोडा घेतात. तिच्यामागील युरोपीय परिषदेचा भारत २०१६ पासून सहयोगी सदस्य आहे, हेच बहुतेकांस ठाऊक नसते.) मारी क्युरी योजनेत आणखी एक अट अशी की, अंतिम तारखेपूर्वीच्या ३६ महिन्यांत उमेदवार यजमान देशात १२ महिन्यांहून अधिक काळ राहिलेला नसावा. अमेरिकेची गोष्ट याहून वेगळी आहे. तेथील आरोग्यसंस्थेची ‘एफ ३२’ ही डॉक्टरोत्तर अधिछात्रवृत्ती आणि नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या तशाच अधिछात्रवृत्त्या तेथील नागरिकांस व कायम रहिवाशांसच मिळतात. पुण्यामुंबईहून जाणाऱ्या मुलाला त्यामुळे तेथे मुख्यतः प्राध्यापकाच्या अनुदानाचा मार्ग उरतो. आणि २०२५ साली त्या अनुदानांवरच संकट आले, तर सप्टेंबरात नव्या एच-१बी अर्जांवर एक लक्ष डॉलर शुल्काचे फर्मान निघाले. पुष्कळ विद्यापीठे डॉक्टरोत्तर संशोधकास जे-१ या प्रवेशपत्रावर बोलावतात, त्यांस हे शुल्क नाही. तरी मुलांचा ओढा युरोप व जपान यांकडे वळू लागला आहे.

तिकडे गर्दीही तशीच आहे. २०२४च्या मारी क्युरी फेरीत १०,३६० अर्ज आले व १,६९६ मंजूर झाले. २०२५च्या फेरीत अर्जांची संख्या १७,०५८ वर गेली.

एवढा तपशील देण्याचे कारण निराळे आहे. हे मार्ग वरकरणी भिन्न दिसतात, परंतु बहुतेक सर्वांच्या दाराशी एकच अट उभी आहे. कोणा एका नावाच्या शास्त्रज्ञाने ‘या व्यक्तीस मी माझ्या प्रयोगशाळेत घेईन’ असे लिहून दिले पाहिजे. प्रकल्पाच्या जागेत तर तोच निवडकर्ता असतो. पण राष्ट्रीय अधिछात्रवृत्तीसही मार्गदर्शकाची संमती व संस्थेची मान्यता लागते, आणि एका मार्गदर्शकाकडे एका वेळी असे दोनच अधिछात्र असू शकतात असा तिचा नियम राहिला आहे. हुम्बोल्टला यजमानाचे निवेदन हवे, जेएसपीएसचा अर्ज तर जपानी यजमानाच्याच हातून जातो. ती संमती मिळविण्याचे साधन एकच, आणि ते म्हणजे पत्र. आपली मुले अर्जाचे नमुने भरण्यात महिने घालवितात व हे पत्र अर्ध्या तासात लिहितात.

अर्ध्या तासात ते लिहून होते, कारण ते लिहावे लागतच नाही. ते तयारच असते. विज्ञानशाखांतील काही सहकाऱ्यांनी आपल्याकडे आलेली अशी पत्रे नावे झाकून मला वाचावयास दिली. मोजदाद करण्याइतकी ती नव्हती, पण त्यांचा साचा इतका एकसारखा होता की मोजदादीची गरजही वाटली नाही. आरंभी ‘रिस्पेक्टेड सर’. स्त्री प्राध्यापिकेलाही अनेकदा तेच. मग ‘आपल्या जगप्रसिद्ध प्रयोगशाळेत’ काम करण्याची लहानपणापासूनची इच्छा. मग शाळेपासूनचे गुण. मग ‘मी कष्टाळू असून कोणत्याही विषयावर काम करण्यास तयार आहे’. शेवटी, संधी दिल्यास मी आपला आजन्म ऋणी राहीन.

हे पत्र नव्हे, हा अर्ज आहे. आपल्या भाषेत या दोहोंची कुळे निराळी आहेत. मराठीत पत्रलेखनाचे मायने सांगणाऱ्या मेस्तकांची परंपरा जुनी आहे. कोणास ‘तीर्थरूप’ लिहावे, कोणास ‘राजश्री’, कोणापुढे ‘विज्ञापना’ करावी आणि कोणास नुसता आशीर्वाद द्यावा, हे त्यांत ठरवून दिलेले असे. मायना हा पत्राचा अलंकार नव्हता. लिहिणारा कोण व वाचणारा कोण, हे नाते त्यातून प्रस्थापित होई, आणि ते झाल्यावाचून पुढील मजकुरास अर्थ येत नसे. इंग्रजी अमदानीत कचेरीचा अर्ज आला. त्याने विज्ञापनेची नम्रता घेतली आणि ‘आय बेग टू’चा साज तिच्यावर चढविला. शाळेत रजेचा अर्ज लिहिण्यापासून आपण जे शिकतो ते हेच की, मागणाऱ्याने आपली गरज व देणाऱ्याचे औदार्य सांगावे. रजेच्या अर्जात त्याहून अधिक सांगण्यासारखे काही नसतेही.

विजय भाटिया यांनी १९९३ च्या आपल्या ग्रंथात नोकरीच्या अर्जपत्रांचा या दृष्टीने विचार केला आहे. त्यांच्या मते नोकरीसाठीचे पत्र व विक्रीसाठीचे पत्र हे एकाच वाङ्मयप्रकाराचे दोन नमुने आहेत, कारण दोहोंचे कार्य आपल्यापाशी असलेल्या वस्तूचे मोल वाचणाऱ्यास पटविणे हे होय. दक्षिण आशियातील पत्रांत मात्र पुष्कळदा त्याऐवजी वाचणाऱ्याची थोरवी व स्वतःचे लहानपण यांचे वर्णन आढळते, हे त्यांनी दाखविले. ‘विक्री’ हा शब्द आपल्या कानाला खटकतो, मलाही खटकला. पण वाचणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर त्यातील तथ्य पटते. प्रयोगशाळेच्या प्रमुखापुढे प्रश्न असतो तो असा की, माझ्याकडे अमुक काम अडले आहे, दोन वर्षांचा पैसा आहे, या व्यक्तीला ते काम येते काय? ‘मी कोणत्याही विषयावर काम करण्यास तयार आहे’ हे वाक्य लिहिणाऱ्याच्या मनात निष्ठेचे असते. वाचणारा त्याचा अर्थ ‘याचा स्वतःचा विषय नाही’ असा घेतो. वाक्य तेच, व्याकरण निर्दोष, आणि अर्थ उलटा. भाषेच्या अध्यापकाने उपपदे सुधारून हे दुरुस्त होणारे नाही.

येथे कोणी म्हणेल की, नम्रता टाकून पाश्चात्त्यांसारखी बढाई मारावी काय? तसे मला मुळीच म्हणावयाचे नाही, आणि त्यासाठी एक सुप्रसिद्ध पत्र साक्षीस आणतो. ४ जून १९२४ रोजी डाक्का विद्यापीठातील सत्येंद्रनाथ बोस यांनी आइन्स्टाइन यांस पत्र लिहिले. दोघांची ओळख नव्हती. संबोधन आदराचेच होते, आपण जणू आपल्या लेखनाचे शिष्य आहोत असा भावही त्यात होता. परंतु आरंभीच्या एका वाक्यात सोबतचा निबंध वाचून अभिप्राय देण्याची विनंती करून बोस लगोलग मुद्द्यावर येतात. प्लांकच्या नियमातील अमुक गुणक जुन्या विद्युत्-गतिशास्त्राचा आधार न घेता काढण्याचा आपण प्रयत्न केला आहे, असे ते सांगतात. त्यांची मागणीही नेमकी आहे. जर्मन भाषांतर करण्याइतकी ती भाषा आपणास येत नाही. निबंध योग्य वाटल्यास तो ‘त्साइटश्रिफ्ट फ्यूर फिजीक’मध्ये छापण्याची व्यवस्था करावी. आइन्स्टाइन यांनी स्वतः भाषांतर करून तो छापविला, आणि त्यांनी पाठविलेल्या पोस्टकार्डाच्या बळावर बोस यांस विद्यापीठाने दोन वर्षांची रजा मंजूर केली. ते पॅरिसला व पुढे बर्लिनला गेले. बोस यांच्यापाशी डॉक्टरेट नव्हती, म्हणून या मुक्कामास डॉक्टरोत्तर म्हणता येणार नाही एवढेच. पत्रात नम्रता आहे व तिने काही बिघडविलेले नाही, कारण तिच्या लगेच मागे गणित उभे आहे.

अशी प्रतिभा कोणापाशी रोज असणार, हे खरेच. परंतु प्रत्येक प्रामाणिक प्रबंधात एखादी तरी गोष्ट असते की जी कोठल्या तरी प्रयोगशाळेस हवी आहे. वर उल्लेखिलेल्या विद्यार्थिनीचा विषय धातु-सेंद्रिय चौकटी हा होता. म्हणजे आत सूक्ष्म पोकळ्या असलेले ते स्फटिकमय पदार्थ, ज्यांच्या शोधासाठी २०२५चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. यांतील अनेक पदार्थ दमट हवेत ढासळतात, हा त्यांचा जुना दोष आहे. तिने प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात एका पदार्थापुरता तो दोष कमी करण्याचा उपाय शोधला होता, आणि शंभर पत्रांपैकी एकातही त्याचा उल्लेख नव्हता! मी विचारले तेव्हा ती म्हणाली, “सर, ते प्रबंधात आहेच की.” तिच्या मते पत्र हा दार ठोठावण्याचा प्रकार होता, आणि काम हे दार उघडल्यावर दाखवावयाचे होते.

नंतर आम्ही दोघांनी पत्र नव्याने बांधले. पहिल्या परिच्छेदात, त्या प्राध्यापकांच्या कोणत्या निबंधात दमटपणाची अडचण नोंदविली आहे व आपण आपल्या पदार्थात ती कशी हाताळली, हे चार वाक्यांत. दुसऱ्यात, त्यांच्याकडे आल्यास हाच उपाय त्यांच्या पदार्थावर कसा पारखून पाहता येईल. तिसऱ्यात व्यवहार: पदवी केव्हा हाती पडेल, कोणत्या अधिछात्रवृत्तीसाठी त्यांची संमती हवी आहे, तिची अंतिम तारीख कोणती. सोबत दोन पानांचा वृत्तांत व एक प्रकाशित निबंध. गुणपत्रिका नाही, शाळेचे नाव नाही. सगळे पत्र एका पानात बसले. असे पत्र एका दिवसात शंभर ठिकाणी पाठविता येत नाही; एकेकासाठी त्याचे दोन-तीन निबंध वाचावे लागतात, आणि आठवड्याला दोन पत्रे झाली तरी पुष्कळ झाली. तिने अकरा लिहिली. चार उत्तरे आली, त्यांपैकी दोन नकाराची होती. पण नकारातही कारण दिलेले होते, आणि एकाने दुसऱ्या प्रयोगशाळेचे नाव सुचविले होते. उत्तर न आल्यास दोन आठवड्यांनी एकदा, दोन ओळींत, आठवण द्यावी. आपल्या मुलांस याचा फार संकोच वाटतो. तो अनाठायी आहे. न वाचलेल्या ई-मेलचा ढीग हा त्या मंडळींचा नित्याचा रोग आहे.

येथवर उमेदवाराची बाजू झाली. शिफारसपत्राची बाजू आम्हा अध्यापकांची आहे, आणि तीविषयी लिहिताना मला थोडी लाज वाटते.

परदेशी निवडसमित्या बहुधा दोन वा तीन शिफारसपत्रे मागवितात व ती परस्पर, उमेदवारास न दाखविता, यावी अशी त्यांची अपेक्षा असते. आपल्याकडे पुष्कळ विभागांत काय चालते हे सर्वांस ठाऊक आहे. ‘तूच मसुदा करून आण, मी सही करतो.’ मार्गदर्शक व्यग्र असतो, विद्यार्थी भिडस्त असतो. स्वतःची स्तुती स्वतः लिहावयाची या कल्पनेने तो विशेषणांच्या आडोशाला जातो: ‘सिन्सिअर, हार्डवर्किंग, ओबीडिअंट’, आणि वर ‘गुड मॉरल कॅरॅक्टर’. तीन मार्गदर्शकांची तीन पत्रे एकाच हातची व एकाच वळणाची होतात. वाचणाऱ्यास हे कळत नाही असे आपण समजतो. विशेषणांचा अर्थही प्रदेशागणिक बदलतो. आपल्याकडे ‘आज्ञाधारक’ हा विद्यार्थ्याचा गुण आहे. ज्यांना स्वतंत्रपणे प्रयोग रचणारा माणूस हवा आहे त्यांस तो इशारा वाटतो. ‘सिन्सिअर’ या शब्दाने तर फारच थोडे सांगितले जाते. सांगण्यासारखे दुसरे काही नसेल तेव्हा तो वापरतात, असा तिकडील वाचणाऱ्यांचा अनुभव आहे. मी स्वतः अनेक वर्षे माझ्या चांगल्या विद्यार्थ्यांविषयी हाच शब्द लिहीत आलो, त्यांतील काहींचे त्याने नुकसान केले असेल.

हा विषय केवळ अनुभवावर सोडण्याचा नाही. त्यावर अभ्यास झालेला आहे. कुहेली दत्त व त्यांचे सहकारी यांनी २०१६ साली ‘नेचर जिओसायन्स’मध्ये भूविज्ञानातील डॉक्टरोत्तर अधिछात्रवृत्त्यांसाठी ५४ देशांतून आलेल्या १,२२४ शिफारसपत्रांचे परीक्षण प्रसिद्ध केले. पत्राचा एकंदर सूर उत्कृष्ट आहे, चांगला आहे की संशयी आहे, हे त्यांनी पाहिले. पुरुष उमेदवारांच्या तुलनेत स्त्री उमेदवारांस ‘उत्कृष्ट’ सुराचे पत्र मिळण्याची शक्यता सुमारे निम्मीच होती, आणि लिहिणारा कोणत्या प्रदेशातील आहे वा स्त्री आहे की पुरुष, याने हा भेद नाहीसा होत नव्हता. पत्र लिहिणाऱ्यांपैकी कोणी आपण अन्याय करीत आहोत असे मानले असेल, असे मला वाटत नाही. मुलींविषयी लिहिताना ‘कष्टाळू’ व ‘मनमिळाऊ’ हे शब्द हाताशी येतात, मुलांविषयी लिहिताना ‘कल्पक’. शब्द आपोआप येतात म्हणूनच ते तपासावयास हवेत. त्या रसायनशास्त्राच्या विद्यार्थिनीच्या एका शिफारसपत्रात, ते तिने मला नाइलाजाने दाखविले तेव्हा, ‘ती प्रयोगशाळा नेहमी नीटनेटकी ठेवते’ असे एक वाक्य होते. दमट हवेतील प्रयोगाविषयी एकही नव्हते.

शिफारसपत्र लिहिणाऱ्यास माझी सूचना साधी आहे. विशेषणाऐवजी घटना लिहावी. अमुक वेळी उपकरण बिघडले तेव्हा या विद्यार्थ्याने काय केले. माझे म्हणणे त्याने कोणत्या पुराव्याने खोडून काढले. प्रबंधातील कोणती कल्पना माझी व कोणती त्याची. अशी दोन वाक्ये एका पानभर विशेषणांहून वजनदार ठरतात, आणि ती मार्गदर्शकावाचून दुसऱ्या कोणास लिहिता येत नाहीत. वेळ नसल्यास विद्यार्थ्याकडून मसुदा घेण्याऐवजी घटनांची यादी घ्यावी.

शेवटी पदवीच्या तारखेची बाब राहते. तिच्यात भाषेचा संबंध नाही, पण वर सांगितलेले सर्व श्रम ती वाया घालवू शकते. अधिछात्रवृत्त्यांचे वयोमान पदवीपासून मोजले जाते, आणि मारी क्युरीसारख्या योजनेत अंतिम तारखेला डॉक्टरेट पूर्ण झालेली असावी लागते. प्रबंध सादर झाल्यापासून सहा महिन्यांत मूल्यमापन व मौखिक परीक्षा आटोपावी, असे अनुदान आयोगाच्या २०१६ व २०२२ या दोन्ही नियमावल्यांत म्हटले आहे. प्रत्यक्षात बाह्य परीक्षकाचा अहवाल येण्यास, आल्यावर तो टपालातून विभागात पोहोचण्यास आणि मग तारीख ठरण्यास किती काळ लागतो, हे ज्याने त्याने आपल्या विद्यापीठापुरते आठवून पाहावे. आपली राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती याबाबतीत समंजस राहिली आहे; प्रबंध सादर करून पदवीची वाट पाहणाऱ्यासही कमी वेतनावर ती घेता येत असे. त्या विद्यार्थिनीला जर्मनीतील एका प्राध्यापकाची संमती मे महिन्यात आली. मारी क्युरीची तारीख १० सप्टेंबर २०२५ होती. तिची मौखिक परीक्षा ऑक्टोबरात झाली. हुम्बोल्टकडे अर्ज वर्षभर केव्हाही करता येतो, म्हणून त्याच प्राध्यापकांचे निवेदन घेऊन तिने तिकडे अर्ज केला आहे. आणि या खेपेस तिच्या मार्गदर्शकाने शिफारसपत्र स्वतः लिहिले.